पालथे बाटले

पुंडलिक सकाळी कामावर आला की डबा खाली ठेवायच्या आधी शेडमध्ये जायचा. आग विझवायचा एकेक लाल बाटला भिंतीवरून उतरवायचा, पालथा करायचा आणि कानाशी धरायचा. आतली पावडर सरसर सरकली की परत खुंटीला. आवाज आला नाही, तर बुडावर तळहाताने थापा मारत बसायचा. असे बावीस बाटले.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. चिंचणीला त्याच्या अंगणात सुकट वाळायची. खाऱ्या हवेत ती पालथी करत राहिलं नाही तर खालून घामेजते, तिचा गोळा होतो, एवढं त्याच्या हाताला ठाऊक होतं. तारापूरकडे बांधकामं निघाली तेव्हा होडी भावाकडे देऊन तो बोईसरजवळ एका ठेकेदाराच्या तेलगोदामात लागला. तिथे दर महिन्याला पावडरीची चाचणी व्हायची. लोखंडी परातीत डिझेल पेटवायचं, पुंडलिकने पावडर मारायची, साहेबांनी सेकंद मोजायचे. आग दर वेळी विझायची. चाचणीचा बाटला दर वेळी नवा असायचा.

अडुसष्टच्या जूनमध्ये साहेबांनी त्याला थापा मारताना पाहिलं.

"हा काय खेळ मांडलायस, पुंडलिक?"

"पावडर बसते, साहेब. थोपटली नाय तर दगड व्हते तिचा."

"कारखान्यातली पावडर आहे ती. तुझी सुकट नाही."

पिंपं लोटणारा मंगळ्या फिदीफिदी हसला. पुंडलिक मात्र हटला नाही. "मग या खेपेला चाचणी खुंटीवरच्या बाटल्याची घ्या. कोणताबी काढा."

साहेबांनी नवाच बाटला काढला, आणि खुंटीवरच्यांना हात लावायचा नाही असं बजावलं. त्यानंतरही पुंडलिक रोज शेडमध्ये जायचा. हात मागे बांधून नुसता उभा राहायचा.

ऑक्टोबरात भर दुपारी वेल्डिंगची ठिणगी सांडलेल्या डिझेलवर पडली. मंगळ्या पिंपांच्या पलीकडे अडकला. पुंडलिकने पहिला बाटला दाबला. फुस्स हवा आली आणि एक ढेकूळ पायाशी पडलं. दुसऱ्याचं तेच. तिसरा त्याने आगीसमोरच पालथा धरला आणि थोपटत राहिला, जमिनीवर आपटला, पुन्हा थोपटला. अखेर पावडर सुटली. मंगळ्या त्या धुरळ्यातून बाहेर आला. तोवर पुंडलिकचे हात आणि छाती भाजून निघाली होती.

चौकशी तिसऱ्याच दिवशी संपली. कामगाराने आपटल्यामुळे बाटले निकामी झाले, असं ठरलं. पुरावा म्हणून मागच्या चाचणीचा कागद जोडला होता: आठ सेकंदांत आग विझली. मंगळ्या काही सांगू लागला, पण जबाबाच्या कागदावर त्याचा अंगठा आधीच घेऊन झाला होता.

पालघरच्या दवाखान्यात बायको जमना उशाशी बसून होती. चौकशीचं तिने त्याला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन खाटेवर आलं. पुंडलिकने ते बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "अंगणातली सुकट पालथी केलीस का गो?"