काठोकाठ भरलेल्या बाटल्या

कोकणातल्या खाडीच्या चिखलातून उपसलेलं पाणी घेऊन मी चिकलठाण्याला घरी पोचले, तो रविवार होता. प्रयोगशाळा बंद. म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी ठेवल्या आणि ताणून दिली. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या पाण्यावर अवलंबून होतं.

खाडीतलं आर्सेनिक मोठं लबाड. चिखलात हवा असेपर्यंत ते लोखंडाच्या गंजाला चिकटून गुमान बसतं. हवा संपली की गंज विरघळतो आणि हे पाण्यात मोकळं सुटतं. पुन्हा हवा लागली की पुन्हा गंज, पुन्हा कैद. भरती-ओहोटीबरोबर हा खेळ चालूच असतो. मला मोकळं सुटलेलंच मोजायचं होतं, म्हणून बाटल्या काठोकाठ भरल्या होत्या. आत हवेचा बुडबुडासुद्धा नव्हता.

संध्याकाळी पाहिलं, तर प्रत्येक बाटली दोन बोटं रिकामी आणि तळाशी तांबूस गाळ. हवा शिरली होती. लोखंड गंजून खाली बसलं होतं आणि आर्सेनिकला बरोबर घेऊन गेलं होतं. मला रडूच फुटलं.

"म्याच घेतलं," आई म्हणाली. "नदी समुद्राला मिळती तिथलं पाणी ना? देवाच्या टाकांना घातलं."

"प्यायली नाहीस ना?"

"खारट पाणी कोण पितं?"

"अगं, मग एकाच बाटलीतलं घ्यायचं."

"आन बाकीच्यांचा मान?"

आमची माणसं मेंढरांमागं फिरणारी. लासूर स्टेशनकडच्या आमच्या वस्तीवर देवाला दूध घालायचं, तर प्रत्येक दुभत्या शेळीची एकेक धार घेतात. एकही वगळत नाहीत. आईनं माझ्या बाटल्यांनाही तोच न्याय लावला होता. रडता रडता मला हसू आलं.

हवेचं प्रकरण तिला समजावून सांगितलं. "म्हंजी सगळं वाया गेलं?" तिनं विचारलं. पुन्हा जावं लागेल, एवढंच मी म्हणाले. त्या रात्री ती नीट जेवली नाही.

दुसऱ्या खेपेला तिला सोबत नेलं. ओहोटीच्या चिखलात लुगडं खोचून ती बर्फाच्या पेटीपाशी अशी बसली, की कुणाची हात लावायची छाती झाली नसती. माझ्या बाटल्या झाल्यावर मी एक बाटली खास तिच्या देवांसाठी भरून दिली.

माझ्या बाटल्या नीट प्रयोगशाळेत पोचल्या. बऱ्याच दिवसांनी फ्रिज आवरताना तिची बाटली हाताला लागली. झाकण तसंच घट्ट होतं.

"आई, हे देवाला नाही घातलंस?"

"तुझं मोजून, लिहून सगळं होऊ दे आधी. तवर माझं बी झाकलेलंच राहू दे."

"आणि देव?"

"थांबतेत की. त्यांला कुठं परीक्षा द्यायची हाय?"

माझं प्रकरण आता लिहून होत आलंय. तिची बाटली अजून मेथीच्या जुडीशेजारी आहे, काठोकाठ भरलेली.