कोपऱ्यातली दुसरी चौकट

ईशान आणि रेवा,

ईशानच्या शाळेतल्या प्रदर्शनाचा फोटो तुमच्या आईने पाठवला. तक्त्यावर मधोमध माझे जुने ड्रॉइंग आणि खाली ईशानच्या अक्षरात, ‘हा बिघाड माझ्या आजीने शोधला.’ फोटो पाहिल्यापासून मला चैन नाही. तो बिघाड मी शोधला नव्हता. यमुनाने शोधला होता. तुम्ही तिला पाहिले नाही आणि आता पाहणारही नाही, म्हणून नीट लिहून ठेवते.

रबाळ्याच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघी कामाला होतो. तिथे यंत्रांची कंट्रोल पॅनल बनत. लोखंडी कपाटासारखी पेटी आणि आत वायरी, स्विच, टायमर. मी ड्रॉइंग काढायची, यमुना त्यावरून वायरिंग करायची. ती घणसोली गावातली, माझ्याच वयाची, सातवीपर्यंत शिकलेली. मी तिला ‘अगं यमुना’ म्हणायची, ती मला ‘मॅडम, तुमी’.

बिघडलेल्या यंत्रापुढे आली की ती आधी बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांवर रुमालाची गाठ मारायची. मग उपड्या डब्यावर बसून यंत्राचे चालणे नुसते बघायची. एकदा, दोनदा, तीनदा. "तीन वेला बगाचं, मंग हात लावाचा." त्या बसण्याचा मला राग यायचा. मी मॅन्युअल उघडून वायरींचे एकेक टोक मीटरने तपासत असायची आणि सगळे मात्र तिच्या तोंडाकडे बघत असायचे. मालकांना मी काहीही सांगितले तरी त्यांचा एकच प्रश्न, "यमुनाला दाखवलं का?"

टायमर म्हणजे ठरलेले सेकंद मोजून पुढची हालचाल सुरू करणारा छोटासा डबा. यंत्र वेळेवर हलले नाही की सगळे आधी तोच बदलायला धावतात. यमुना म्हणायची, "त्या गरिबाला नंतर मारा. त्याला पोटभर मिलतं का, ते आदी बगा." पोटभर म्हणजे त्याला लागणारे चोवीस व्होल्ट.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे दोन चौकटी असतात. पहिलीत ड्रॉइंग काढणाऱ्याचे नाव, दुसरीत तपासणाऱ्याचे.

"मॅडम, या दुसऱ्या घरात कोन बसतं?"

"शिकलेली माणसं," मी म्हटले.

ती हसली. "मंग आमी वट्यावरच बऱ्या." डब्याचे झाकण लावता लावता पुढे म्हणाली, "पन एकदा आत बसून बगाचंय मना."

पुढे उरणच्या एका गोदामातून तक्रार आली. तिथे सरकत्या पट्ट्यावरून खोकी येत. खोके आले की टायमरने आठ सेकंद मोजायचे आणि त्याला अडवणारी पट्टी खाली पाडून वाट मोकळी करायची. पण मधूनच तो पाच-सहा सेकंदांवर विझे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. मागे खोक्यांचा ढीग. मी दोनदा टायमर बदलला. तिसरा घेऊन निघाले, तेव्हा मालकांनी यमुनाला बरोबर धाडले.

ती डब्यावर बसली. तीनदा बघितले. मग टायमरच्या दोन टोकांना मीटर लावून मला म्हणाली, "आता आकडा बगा." चोवीस. शेजारच्या पट्ट्याचे विजेवर चालणारे तीन व्हॉल्व्ह एकदम चालू झाले आणि आकडा खटकन पंधरावर आला. टायमर विझला, पुन्हा लागला, पुन्हा एकपासून.

"उपाशी हाय तो," यमुना म्हणाली.

पॅनल गोदामाच्या एका टोकाला, टायमर दुसऱ्या टोकाला. तो आणि ते व्हॉल्व्ह एकाच बारीक वायरीवर होते. ती वायर माझ्या ड्रॉइंगमध्ये मीच लिहिलेली होती. यमुनाने टायमरसाठी वेगळी जाड जोडी ओढली. त्या दिवशी एकही खोके अडले नाही.

गोदामाच्या मॅनेजरने विचारले, "वायर कोणी ठरवली होती?"

मी मीटरच्या वायरी गुंडाळू लागले. यमुना म्हणाली, "आमीच हो. लांबी ध्यानात नाय आली. चुकलं आमचं."

तिने मला वाचवले. घरी येईपर्यंत मी तिच्यावर जळत होते. तिच्या हातातली कला एकवेळ मी सोसली असती, पण एवढे मोठे मनही तिच्याकडेच असावे, हे मला सोसवेना.

नवे ड्रॉइंग करायचे होते. मालक म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या चौकटीत यमुनाचं नाव घाला. तिला बरं वाटेल." मी हो म्हटले आणि दोन्ही चौकटींत माझीच आद्याक्षरे लिहिली.

त्याची एक प्रत माझ्याकडे राहिली, तीच ईशानच्या तक्त्यावर आहे. दुसरी पॅनलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवायला आम्ही दोघी उरणला गेलो. तिने घडी उलगडली. कोपऱ्याकडे बघितले. मी मोजत होते, तीनदा बघितले.

"मॅडम, अक्षर लय सुंदर हाय तुमचं," असे म्हणून तिने कागद खिशात सरकवला आणि दार लावले.

टोमणा होता की कौतुक, मला अजून कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी जवळ्याची चटणी माझ्या पोळीवर वाढली आणि मी ती खाल्ली.

गेल्या वर्षी ती गेली. घणसोलीत तिच्या घरी भेटायला गेले, तर गल्लीत चपला काढायला जागा नव्हती. माझ्यासाठी एवढी माणसे येतील का, हा विचार तिथेही माझ्या मनात आला. तिचा मुलगा म्हणाला, "आई सांगायची, आमच्या मॅडमसारखी सरल रेघ कोनाला मारता येत नाय." मला त्याच्याकडे बघवले नाही.

ईशान, तक्त्यावरचे ‘माझ्या आजीने’ खोड आणि तिथे ‘यमुनाने’ लिही. जागा कमी पडली तर माझे ड्रॉइंग काप.

मागच्या आठवड्यात मी गोदामात फोन करून विचारले. ते पॅनल चालू आहे. तिने ओढलेली वायरीची जोडी तीच आहे. दाराच्या खिशात कागदही तोच आहे, आणि त्याच्या दोन्ही चौकटींत माझीच अक्षरे आहेत.