दोन-चारचा हात

आमच्या गल्लीतली पोरगी मोठी कधी झाली, हे तिच्या आईला कळत नाही, शाळेला कळत नाही आणि आधार कार्डाला तर मुळीच कळत नाही. ते फक्त मनेरीण खालाला कळतं. लातुरात गंजगोलाईकडून आमच्या गल्लीत वळलं की कोपऱ्यावर बांगड्यांचं दुकान लागतं, त्याची ती मालकीण. बांगड्या भरते म्हणून मनेरीण, आणि गल्लीत लहानथोर सगळ्यांची मावशी म्हणून खाला. तिचं खरं नाव तिच्या मुलालाही चटकन आठवेल की नाही, मला शंका आहे. तिच्या दुकानात बांगड्यांबरोबर पावडर, काजळ, टिकल्या, नेलपेंट, लिपस्टिक असा सगळा नट्टापट्टा मिळतो. मिळतो म्हणजे असतो. मिळणं न मिळणं खालाच्या मर्जीवर आहे. दुकान माल विकण्यासाठी काढतात, हा समज मी लहानपणीच तिच्या पायरीवर सोडून आले.

खालाचा कायदा गल्लीला तोंडपाठ आहे. पावडर पाळण्यातल्या बाळालाही चालते. मेंदीला ती शृंगार मानतच नाही, तिच्या मते तो पाला आहे. नेलपेंट उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं, कारण नखं वाढतात आणि रंग आपोआप निघून जातो. लिपस्टिक मात्र हाताला दोन-चारची बांगडी नीट बसल्याशिवाय नाही. बांगड्यांची मापं दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा अशी चढत जातात, आणि दोन-चारच्या आतला हात तो लेकराचा हात, असं तिचं पक्कं मत. त्यामुळे लिपस्टिक मागितली की ती आधी हात मागते. अंगठा आत दुमडून पंजा असा काही दाबते की मागणारीच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. मग छताकडे बघत निकाल देते, "कवळी हाय अजून. पुढल्या ईदीला ये." एका पोरीने आमच्यात ईद नसते असं सांगून पाहिलं, तर खालाने तिला विचारलं की मग दरसाल शीरखुर्मा खायला कोण येतं? हे सगळं ती बोलते तेव्हा तिचे स्वतःचे ओठ पानाने लालभडक झालेले असतात, पण त्यावर बोलायची कुणाची छाती नाही.

या कायद्यापायी घोटाळेही काही कमी झाले नाहीत. चौथीतल्या एका गुटगुटीत पोरीच्या हातात दोन-चार अगदी घट्ट बसली, तेव्हा खाला क्षणभर विचारात पडली आणि मग माप हाडाचं धरायचं, चरबीचं नाही, असं कलम तिने जागच्या जागी जोडून टाकलं. मावशीसाठी पाहिजे म्हणून लिपस्टिक मागणाऱ्या आणखी एकीला तिने मावशीचे ओठ घेऊन यायला सांगितलं. पण खरी गंमत झाली ती आमच्या बँकेत बदलून आलेल्या एका अधिकारी बाईंची. बाई चांगल्या तिशीच्या, मोठ्या पदावरच्या, पण अंगाने काडी आणि हाताला दोन-दोनही ढिली. खालाने पंजा दाबला आणि शांतपणे सांगितलं, "अम्मीला घेऊन ये." बाईंनी संतापून गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. खालाने ते उलटसुलट पाहिलं, फोटो चांगला आलाय म्हणाली आणि परत दिलं. कागद दाखवून हात मोठा होत नाही, हेही वर ऐकवलं. बाईंनी शेवटी लिपस्टिक दुसरीकडून आणली, तरी खालाच्या दुकानावरून जाताना त्या बरेच दिवस तोंडावर ओढणी धरत. मी त्यांच्याच शाखेत आहे म्हणून मला ठाऊक.

गल्लीतल्या आयांना मात्र खालाची फार सोय. घरोघरी पोरींनी हट्ट धरला की सगळ्या जणी खालाकडे बोट दाखवून मोकळ्या होतात. माझ्या आईनेही हेच केलं होतं. रेणापूरच्या लग्नाला मला लिपस्टिक लावून जायचं होतं, तर आई म्हणाली, खालानं हो म्हटलं तर लाव. खालाने अर्थातच हो म्हटलं नाही आणि मी त्या लग्नात गाल फुगवून जेवले. आपण आई झालो की असं करायचं नाही, आपल्या लेकीचं आपण ठरवायचं, असं तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं. मग आमची गार्गी सातवीत गेली, आणि तिने मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं असेल ते सांगायला नको.

गार्गीचं कारण बिनतोड होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता, तोही पहिल्या रांगेत. बाईंनी सांगितलं होतं की पहिल्या रांगेतल्या मुलींनी लाल लिपस्टिक लावून यायचं, नाहीतर मागे उभं राहायचं. महिनाभर ती आरशासमोर नाचत होती. खालाने हात दाबला, छताकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. गार्गी पायरीवर जाऊन पाठ फिरवून बसली. ते दुकान आहे की कोर्ट, असं ती मला ऐकू जाईल इतपत पुटपुटली, आणि मलाही खालाचा राग आला. पोरगी माझी, नाच तिचा, आणि ही कोण मधे? एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे, तोंड धुतलं की संपलं, असं मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले.

खाला रागावली नाही. काउंटरवरच्या बांगड्या पुसता पुसता तिने सांगितलं की तिचं लग्न झालं तेव्हा ती गार्गीपेक्षा एखादं वर्षच मोठी होती. धर्माबादहून वरात येणार होती. सकाळी ती अंगणात चिंचोके खेळत होती आणि दुपारी काजळ, सुरमा, ओठाला रंग, सगळं एकदमच लागलं.

"बांगड्या राहीनात हातात," खाला म्हणाली. "हात खाली केला की घरंगळायच्या. मग आपानं, थोरल्या भैनीनं, मनगटाला दोरा गुंडाळला, जाड, आन त्याच्यावर चढवल्या. समद्यांला बांगड्या दिसल्या माय. दोरा कुनाला दिसला न्हाई."

एवढं बोलून तिने पुसलेल्या बांगड्या दांडीवर चढवल्या आणि मला चहा घेणार का विचारलं. इतकी वर्षं आम्ही जिच्या कायद्याला हसत होतो, तिला आम्ही एकदाही हे विचारलं नव्हतं, याचं वाईट वाटलं. पायरीवरची पाठ तशीच होती. गार्गी गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेत, कोऱ्या ओठांनी नाचली. मी तिला लावू का विचारलं होतं. ती नको म्हणाली.

आता ती दहावीत आहे. दुकानाच्या अर्ध्या भागात खालाचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो, लिपस्टिका घरोघरी पार्सलने येतात, आणि हात दाबून घ्यायला आता फारसं कुणी थांबत नाही. खालाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. दुपारी ती दुकानात बसून पेंगते, आणि एखादी पोरगी रंगवलेल्या ओठांनी समोरून गेली तर तिला ते दिसतही नाही. गार्गीला वाढदिवसाला पुण्याच्या आत्याने लिपस्टिक पाठवली होती. ती कपाटात तशीच पडून होती. मला वाटलं, विसरली.

यंदाच्या गॅदरिंगच्या दिवशी ती नटून तयार झाली, कपाटातून लिपस्टिक काढली आणि मला म्हणाली, "आई, खालाकडे होऊन जाऊ." आम्ही गेलो. तिने हात पुढे केला. खालाने तो दाबला, अंगठा दुमडून पाहिला, पुन्हा दाबला. या वेळी तिने छताकडे पाहिलं नाही. दांडीवरून दोन-चारची हिरवी बांगडी काढून तिने हळूच चढवली. बांगडी मनगटावर आली आणि राहिली. खालाने तिचा हात खाली सोडून पाहिला, तरी राहिली.

"झाली गं," खाला म्हणाली. "दे इकडं, मी लावते."

तिने लावली. दिसत नसल्याने चाचपत, एका हाताने हनुवटी धरून लावली, आणि डावीकडे रंग ओठ सोडून चांगला गालावर गेला. रस्त्यावर आल्याबरोबर मी पर्समधून रुमाल काढला. गार्गीने माझा हात धरून खाली केला.

त्या दिवशी ती पहिल्या रांगेत नाचली. दुसऱ्या दिवशी तिने खालाला मोबाइलवरचा फोटो नेऊन दाखवला. खालाने मोबाइल जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे केला, आणि काहीच न दिसल्याने परत दिला.

"बराबर बसली ना?" तिने विचारलं.

"बराबर बसली, खाला," गार्गी म्हणाली.