दोघं सोड म्हणतात

श्रीगोंद्याहून नगरला तत्त्वज्ञानाच्या पेपरला निघालो होतो. एसटीत शेजारी एक म्हातारा होता, मांडीवर बायकोच्या लुगड्याची पिशवी घेऊन. त्यानंच सांगितलं, बायको नगरच्या दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर आहे. मशीन ठेवायचं की काढायचं, हे डॉक्टरांना आज त्याच्या तोंडून हवं होतं.

"तू काय वाचतोस, पोरा?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कुणी विचारलं की भरभरून सांगतो. म्हटलं, "बाबा, बुद्ध म्हणतो, धरून ठेवण्यातच दुःख आहे. चीनचा लाओत्से म्हणतो, पाण्यासारखं वाहू द्यावं, जोर करू नये. तिथलाच कन्फ्यूशियस म्हणतो, नात्याचं कर्तव्य निभावावं."

तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"म्हंजी दोघं सोड म्हणत्यात, एक सांभाळ म्हणतोय."

"तसंच."

"यातल्या कुनाची बायको मशीनवर हुती का रं?"

असा प्रश्न पेपरात येत नाही. मी पुस्तक मिटलं.

नगरच्या स्टँडवर सगळे उतरले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, उतरा आता. गाडी इथवरच हाय."

"व्हय, व्हय," तो म्हणाला.

मी पेपरला निघालो, तेव्हा तो तसाच खिडकीशी बसलेला होता.