चंद्रीच्या पुठ्ठ्यावरची गोधडी

चहा घेऊन ओटीवर आले, तर हे खांबाला टेकून बसलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे. "अवो..." म्हटलं. पुन्हा म्हटलं. ते हात असे रिकामे मी कधी पाहिलेच नव्हते. तिथंच कळलं. यांना जाऊन आता महिना उलटला.

नव्वदनंतरच्या वर्षांत यांचा टांगा आटगाव स्टेशनवर असे. संध्याकाळी टांगा सुटला की हे चंद्री घोडीला कोमट तेल चोळत. कमरेवरून मागच्या मांसल पुठ्ठ्यावर, तिथून मांडीच्या मागून खाली. "सगळा जोर हितं गो, पुढचे पाय नुस्ते टेकायला." मी चुलीपुढून बघत जळायचे. सून आणायची वेळ झालेली बाई, आणि जळायला सवत निवडली ती चार पायांची!

एका गणपतीत टांगा घरीच उभा होता. सण घोडीचाही, म्हणून यांनी तिला भिजवलेले हरभरे दुप्पट घातले. सण सरल्यावर जुंपली, तर रेल्वे फाटकाशी पोचते न पोचते तोच मागून आखडली; उभ्या उभ्या खाल्लेलं बाधलं. घामानं निथळलेली, पुठ्ठे दगडासारखे, पाऊल उचलेना. हे धावत घरी आले आणि माझ्या आईनं शिवलेली गोधडी ओढून पळाले. मी मागोमाग.

"माझ्या माहेरची हाय ती!"

"म्हणून तर ऊब हाय. गप, कोपरा धर."

पुन्हा चालेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. यांनी माझा हात गोधडीखाली नेला. कातडीखाली गाठी बांधून काहीतरी थरथरत होतं. दिवस कलता कलता ते सैल पडलं, आणि चंद्रीनं मागचा एक पाय ढिला सोडून भार दुसऱ्यावर टाकला, निवांत घोडी टाकते तसा. यांच्या डोळ्यांत पाणी. आणि मी काय म्हणाले? "आता ही धुणार कोण?" धन्य ती मी!

पुढं रिक्षा आल्या, चंद्रीही म्हातारी होऊन गेली. एका पावसाळ्यात भाताच्या लावणीत माझी कंबर धरली, तर हे तेलाची वाटी घेऊन बसले. अंगठा थेट दुखऱ्या जागी, वर जिभेनं टक् टक्, "हो... हो..."

"मी काय घोडी हाय?"

"घोडी बरी. ती बोलत नाय."

मग ते रोजचंच झालं. सवतीची जागा अखेर मिळाली म्हणायची.

अजूनही संध्याकाळी तेल कोमट करते, त्याच गोधडीवर कुशीवर होते. मांडीला हात पुरतो. मागं पुठ्ठ्यावर, यांचा अंगठा टेकायचा तिथं, आपला आपल्याला पोचत नाही... सून म्हणते, "आई, मी चोळू?" नको म्हणते. एक पाय ढिला सोडून, तेल निवेपर्यंत पडून राहते.