कपाळावर कुंकू लागलेलं कार्ड

"आल्झो, घाई नाही," असं अर्ध्या जर्मनमध्ये म्हणत काकांनी भिंग डोळ्याला लावलं की मी समजायचे, आता चहा गार होणार. हातातली वस्तू कडेने धरायची, खिडकीकडे तिरकी करायची, श्वास रोखायचा आणि मग ओठ मुडपायचे. जर्मनीत, कार्ल्सरूहेजवळच्या एका कारखान्यात आयुष्यभर यंत्रांचे सुटे भाग तपासून "पास" नाहीतर "नापास" म्हणणं, ही त्यांची नोकरी. माणूस निवृत्त झाला, नजर नाही झाली. माझ्या चकलीला काटा नीट आलेला नाही, हेही त्यांनी भिंग लावून सांगितलं होतं. असा एखादा शेजारी तुमच्याही जिन्यात असेल.

ते वरच्या मजल्यावर राहायचे, मी खालच्या. काकू गेल्यावर दर रविवारी ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन खाली यायला लागले. डब्यात बेसबॉलची जुनी कार्डं होती. अमेरिकन सैनिकांची छावणी इथून हलली, तेव्हा एका कुटुंबाने घरचं सामान विकायला मांडलं होतं, त्यात काकांनी हा डबा उचलला. मग तो वर्षानुवर्षं खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, पडून राहिला. निवृत्तीनंतर उघडला, तेव्हा कळलं की शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटातून यायची ती ही कार्डं, आणि फार दुर्मिळ. पत्त्याहून लहान, वर खेळाडूचं रंगीत चित्र. काकांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "क्रिकेटचा वाट चुकलेला चुलतभाऊ," एवढंच म्हणायचे.

अशी कार्डं अमेरिकेत एका संस्थेकडे तपासायला पाठवतात. तिथले लोक एक ते दहामधला नंबर देतात, दहा म्हणजे सगळ्यांत उत्तम, आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून परत धाडतात. काकांची कार्डं दुर्मिळ होती, पण एकही धड नव्हतं. कुणाचे कोपरे झिजलेले, कुणाला घडी पडलेली, एकाची तर कड कुणीतरी कात्रीने कापलेली. पाठवायची का, आणि पाठवायची तर कशी? नंबर मागायचा, की नुसतं "अस्सल आहे" एवढाच शिक्का घ्यायचा? या प्रश्नात दोन हिवाळे गेले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीआधी त्यांनी हाच विषय काढला, तेव्हा लोक हळूच प्रसादाच्या टेबलाकडे सरकले. हॅनोव्हरची त्यांची मुलगी फोनवर जर्मनमध्ये म्हणायची, विकून टाका ना एकदाची. मीही दमले होते, खोटं कशाला बोलू. आठवडाभर मीटिंगांनी पिळून निघालेल्या बाईला रविवारी कोपऱ्यांची झीज ऐकायची नसते.

खरं घोडं एकाच कार्डाशी अडलं होतं, हे मला उशिरा कळलं. सगळ्यांत दुर्मिळ कार्ड. निळ्या टोपीतला एक मिशाळ खेळाडू, आणि टोपीच्या खाली, बरोब्बर कपाळावर, एक लाल ठिपका. भोवती पिवळी छटा.

"हे काय काका?"

"कुंकू," ते म्हणाले. "आणि हळद."

त्यांनी एकदा दिवाळीत फुशारकीने सांगितलं होतं, की आपल्या घरातली खरी लक्ष्मी म्हणजे हे कार्ड. काकूंनी ते मनावर घेतलं. लक्ष्मीपूजनाला पाटावर बांगड्यांशेजारी कार्ड मांडलं, फूल वाहिलं आणि हळदकुंकू लावलं. काका अंघोळ करून आले आणि कडाडले, "एका बोटात वाटोळं केलंस!"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना लक्ष्मी? मग लक्ष्मीला कोरडी ठेवू?" काकू म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

"दर दसऱ्याला ती माझ्या मोजमापाच्या व्हर्नियरची पूजा करायची, गाडीची करायची," काका मला सांगत होते. "पुढच्या दसऱ्याला तिने फक्त स्वतःचं शिलाई मशीन पुजलं. त्याच्या पुढच्याही."

"तुम्ही म्हणायचं ना, कर म्हणून."

"मी वाट बघितली. म्हटलं, घाई नाही." मग काकू आजारी पडल्या.

मला हे सांगितल्यानंतर काका फ्रँकफर्टला संग्राहकांच्या मेळ्यात जाऊन आले. तिथे एकाने सांगितलं, डाग काढून देतो, दिसणारसुद्धा नाही. आत्ता एक नंबर मिळेल, मग चार मिळेल. तो माणूस उत्तराची वाट बघत होता. काकांनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. भिंग लावलंच नाही.

"काय करू?"

"कारखान्यात तुमच्यासमोर असा भाग आला असता तर?"

"नापास," ते ताबडतोब म्हणाले. मग कार्ड उचलून खिडकीकडे तिरकं धरलं. "पण माझ्या वस्तूला तिने लावलेलं हे शेवटचं आहे गं."

मी चहा पुन्हा गरम करून आणला.

"बाकीच्यांना नंबर माग," ते म्हणाले. "याला नको. याला त्या दिवाळीत मी दिलाय, तेवढा पुरे." मी लॅपटॉपवर तसं भरलं. एकेक कार्ड त्यांनी स्वतः पुठ्ठ्यात बांधलं. परत यायला महिने लागतील म्हटल्यावर म्हणाले, "गेनाऊ. बरोब्बर. घाई नाही."

पार्सल आलं, तेव्हा वरचं दार कुणी उघडलं नाही, म्हणून पोस्टमनने ते माझ्याकडे दिलं. काकांना जाऊन दोन आठवडे झाले होते. मुलगी घर रिकामं करायला आली, तेव्हा आम्ही दोघींनी ते उघडलं. बाकीच्यांना दोन, तीन असेच नंबर मिळाले होते. मिशाळ खेळाडूवर नुसतं "अस्सल" लिहिलेलं.

तिने ते प्लास्टिक उजेडात तिरकं धरलं, अगदी बापासारखं. अंगठ्याने कपाळावरचा ठिपका घासला. मग त्यावर हाः करून बाहीने पुसलं.

"गेट निष्ट वेक," ती म्हणाली. जात नाहीये.

"ते आतून आहे," मी म्हटलं. "आईने लावलंय. लक्ष्मीपूजनाला."

मराठी तिला सगळं कळतं. तिची बाही तिथेच थांबली. मग तिने ते कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि किल्ल्या घेऊन निघाली. बाकीची कार्डं माझ्या टेबलावर तशीच राहिली.

परवा तिचा निरोप आला, बाकीची कार्डं न्यायला केव्हा येऊ म्हणून. रविवार होता, चहा गार झाला होता. मी लिहिलं, घाई नाही.