साधं बी.कॉम.

माझी पदवी कपाटात पैठणीच्या खाली आहे, आणि ती लॅमिनेट केलेली आहे. कागद हातात आला त्याच संध्याकाळी वडिलांनी मुलुंड स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून तो प्लास्टिकात बंद करून आणला. पुढे एका कंपनीने लॅमिनेट केलेलं मूळ प्रमाणपत्र चालत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मी वडिलांवर भडकले होते. ते म्हणाले, "घरातली पहिली डिग्री आहे. पाणी लागलं असतं म्हणजे?" साधं बी.कॉम. अनुदानित कॉलेज, सकाळची बॅच, दुपारी एका सीएच्या ऑफिसात उमेदवारी. फी इतकी किरकोळ होती की आकडाही आठवत नाही. आज मी अंधेरीच्या एका कंपनीत माणसं नेमायचं काम करते, मुलुंड पूर्वेला स्वतःच्या घरात राहते, आणि हे सगळं त्या प्लास्टिकातल्या कागदाच्या जोरावर. हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी ते भाषण केलं.

आमच्या सोसायटीत दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढच्या एखाद्या रविवारी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायच्या, गुलाबाचं फूल, पेनचा सेट, पेढा, आणि कुणातरी यशस्वी रहिवाशाचं मार्गदर्शन. चार वर्षांपूर्वी हा मान माझ्याकडे आला. तयारी म्हणून मी आदल्या दिवशी मोबाईलवर दोन-चार भाषणं ऐकली. त्यातला प्रत्येक जण कॉलेज अर्धवट सोडून मोठा झाला होता. मला वाटलं, आपणही जरा वेगळं काहीतरी बोलावं. मार्गदर्शन करणारा दर वर्षी तेच ते बोलतो आणि लोक पेढ्याची वाट बघत बसतात, हे मी इतकी वर्षं खुर्चीत बसून पाहिलं होतं.

उभी राहिले आणि सुटलेच. डिग्री म्हणजे नुसता कागदाचा तुकडा. कंपन्या आता स्किल बघतात. लाखो रुपये घालवून तीन वर्षं बाकं झिजवायची कशाला? साध्या बी.कॉम.ची तर मी यथेच्छ टर उडवली. मुंबईत दगड भिरकावला तर तो एकतर कुत्र्याला लागतो नाहीतर बी.कॉम.वाल्याला, असं म्हणाले. लोक पोट धरून हसले. नवरा तेवढा हसला नाही, कारण त्याच आठवड्यात आम्ही मुलाच्या पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची पहिली फी भरली होती. लिफ्टमध्ये तो म्हणाला, "मग फी परत मागायची का?" मी त्याला खडूस म्हटलं आणि विषय संपवला.

त्या दिवशी माइक आणि स्पीकर सांभाळत होते ते तळमजल्यावरचे शेजारी. पूर्वी ते कांजूरमार्गच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडल्यापासून शाळेची व्हॅन चालवतात. सोसायटीचा कुठलाही कार्यक्रम असला की वायरी जोडण्यापासून त्या गुंडाळण्यापर्यंत सगळं तेच हौसेनं करतात. सत्कार त्यांच्या मुलीचाही होता. बारावी कॉमर्सला ती सोसायटीत पहिली आली होती. तिला अकाउंट्सचा एक सेल्फ-फायनान्स कोर्स करायचा होता, म्हणजे सरकारी अनुदान नाही, सगळा खर्च पालकांच्या माथी. हुशार मुलांनी असलाच काहीतरी लांबलचक नावाचा कोर्स घ्यायचा, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली आहे. साधं बी.कॉम. घेतलं की शेजारीपाजारी विचारतात, का गं, मार्क कमी पडले का? तर त्या कोर्सची फी त्यांना झेपत नव्हती आणि साधं बी.कॉम. घ्यायला जीव होत नव्हता. अशा कात्रीत सापडलेले असताना त्यांनी माझं भाषण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते जिन्याशी भेटले. चेहरा मोकळा झाला होता. "वहिनी, डोक्यावरचं ओझं उतरवलंत," म्हणाले. मुलीला घाटकोपरला मोबाईलच्या शोरूममध्ये नोकरी मिळत होती. कामातूनच शिकेल, तुम्ही म्हणालात तसं, असं त्यांनी मलाच समजावलं. तिथे मी एवढंच बोलायला हवं होतं की अनुदानित कॉलेजात साधं बी.कॉम. घ्या, फी जेमतेम असते, सकाळी कॉलेज आणि दुपारी नोकरी, मीसुद्धा तेच केलं. जिन्याशी उभ्या उभ्या दोन मिनिटांत झालं असतं. पण काल ज्याची टिंगल केली त्याचीच आज शिफारस कोणत्या तोंडाने करणार? पोरीच्या आयुष्यापेक्षा मला माझ्या टाळ्या प्यार्‍या होत्या. "छान निर्णय," मी म्हणाले आणि ऑफिसला गेले.

ऑफिसात माझं काम म्हणजे अर्ज चाळणं. एकेका जागेला इतके अर्ज येतात की सगळे वाचणं माणसाच्या हातात नाही. म्हणून पहिली चाळण कम्प्युटर लावतो, आणि ती कशी लावायची हे मी ठरवते. पदवीधर आहात का, होय किंवा नाही. नाही म्हटलं की अर्ज तिथल्या तिथे बाद. ती अट भाषणाच्या आधी मीच घातली होती आणि भाषणानंतरही तशीच ठेवली. या दोन गोष्टींचा संबंध माझ्या लक्षात आला नाही, असं सांगायला मला आवडेल. पण लक्षात आला होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी संध्याकाळी ती मुलगी घरी आली. मंगळवारी तिच्या शोरूमला सुट्टी असते. आता बावीस वर्षांची झालीय; बिलिंग, स्टॉक, जीएसटीची बिलं, सगळं तिच्या हातचा मळ. शोरूमचा मालक तिच्या भरवशावर दुकान सोडून गावाला जातो, पण पगार वाढवायचं नाव काढत नाही. आमच्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली होती. वशिला नको म्हणून तिने मला आधी सांगितलं नव्हतं, परस्पर अर्ज केला होता.

"काकू, मी तीनदा फॉर्म भरला ना, पण लगेच रिजेक्ट येतं," ती म्हणाली. "भरताना माझंच काहीतरी चुकतंय. जरा बघता का?"

तिने मोबाईल माझ्या हातात दिला. मी उगीच वरपासून खालपर्यंत सगळा फॉर्म वाचत बसले. सगळं बिनचूक होतं. शेवटी म्हणाले की तुझं काही चुकलं नाही, डिग्री लागते.

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या कंपनीत तरी चालत असेल."

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. मी तिला सांगितलं की ती अट मीच घातली आहे, मी स्वतः साधी बी.कॉम. आहे, आणि त्या दिवशी मी जे बोलले ते टाळ्यांसाठी बोलले. ती मोबाईल परत घेऊन त्याची कड अंगठ्याने घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तिच्यासाठी खटपट केली. अकाउंट्सच्या साहेबांची हरकत नव्हती, पण डिग्रीची स्कॅन कॉपी जोडल्याशिवाय नेमणुकीचं पुढचं पानच उघडत नाही. ही व्यवस्थाही मीच सुचवलेली, खोट्या माहितीला आळा बसावा म्हणून. साहेब म्हणाले, तुमचाच नियम आहे मॅडम, आता तुम्हालाच आडवा आला. ती जागा पुढच्या आठवड्यात भरली गेली. जो आला त्याला बिल आणि चलन यातला फरक मी समजावून सांगितला.

मग मुलीला बोलावून मी मुक्त विद्यापीठाची माहिती दिली. प्रवेश सुरू होतील तेव्हा घरी बसून बी.कॉम. करता येईल, नोकरी सोडायला नको, फॉर्म मी भरून देते, फीही मीच देते. फी तिने देऊ दिली नाही. बाकी मान्य केलं आणि बोटांवर हिशेब करून म्हणाली, "म्हणजे संपेपर्यंत पंचवीस पूर्ण. माझ्या वर्गातल्या मुलींचं कधीच झालं." दाराशी चपला घालताना तिला आठवण झाली. "काकू, बाबांना हे नका सांगू हं. ते व्हॅनमधल्या मुलांच्या आयांना अजून तुमचं भाषण सांगत असतात." त्यापेक्षा तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने झोपले असते.

यंदाच्या जूनमध्ये कमिटीने पुन्हा मलाच बोलायला सांगितलं. मी नाही म्हणणार होते, पण मग हो म्हणाले. रविवार असल्यामुळे मुलगी शोरूममध्ये होती. तिच्या बाबांनी हॅलो हॅलो करून माइक तपासला आणि माझ्या उंचीला खाली करून दिला. मी जाताना कपाटातला तो लॅमिनेट केलेला कागद नेला होता. तो दाखवला. मी साधी बी.कॉम. आहे म्हणाले. मुलुंड ते घाटकोपर कुठल्या कॉलेजांत अनुदानित जागा आहेत, फी साधारण किती, अर्ज कधी करायचा, नोकरी सांभाळून शिकायचं तर कसं, हे सगळं कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचून दाखवलं. महाग कोर्स परवडत नसेल तर साधा घ्या, पण डिग्री सोडू नका, कारण दार उघडायला तीच मागतात आणि मागणाऱ्यांत मीही आहे, असं सांगितलं. माफी तेवढी मागितली नाही, कारण ती मागितली असती तर तिच्या बाबांना सगळं कळलं असतं. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत दोघं-तिघं मोबाईल बघत होते. एका आईने मात्र कॉलेजांची नावं लिहून घेतली.

खुर्च्या उचलल्यावर मी वायर गुंडाळणाऱ्या त्यांच्याजवळ गेले. काही बोलायचं ठरवून गेले होते असं नाही. त्यांनीच मान वर केली.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले, "पण मागच्या वेळचं भाषण झकास झालं होतं. लोक किती हसले होते. आमच्या पोरीला तर ते अजून पाठ आहे."